युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांसाठी आपल्या सरकारने किती द्यावं? (खान्देशकरांनो, मत मांडा)

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातला एक आकडा डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. एकूण खर्च सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपये. त्यात अफगाणिस्तानसाठी मदत १०० कोटी. म्हणजे सरकार एक लाख रुपये खर्च करतं तेव्हा त्यातले दोन रुपये. आदल्या वर्षी ही तरतूद २०० कोटी होती. सगळ्या देशांना द्यायची मदत एकत्र केली तर ५,४८३ कोटी, म्हणजे लाखातले एकशे आठ रुपये. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानचे आणि भूतानमध्ये युद्ध नाही. तिथला पैसा विकासकामांना जातो, त्याला माझी हरकत नाही. शेजार सांभाळायलाच हवा.

माझा प्रश्न वेगळा आहे. या कागदांत देशवार रकमा आहेत, आपत्तीतल्या मदतीचं एक लहानसं शीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, आहे. पण ज्यांच्या गावावरून रणगाडे गेले, ज्यांचं धान्य जाळलं, जे पोरंबाळं घेऊन तंबूत पडलेत, त्यांच्यासाठी 'दरवर्षी एवढं देणार' असं वेगळं शीर्ष कुठेच नाही.

आपण देत नाही असं मी म्हणत नाही. २२ फेब्रुवारी २०२२ ला अटारीहून ५० ट्रक २,५०० टन गहू घेऊन अफगाणिस्तानकडे निघाले, एकूण ५०,००० टनांचा शब्द दिला होता. २२ ऑक्टोबर २०२३ ला हवाई दलाचं विमान गाझासाठी साडेसहा टन औषधं आणि ३२ टन इतर सामान घेऊन इजिप्तच्या अल-अरिशला उतरलं. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला आपण २०१८ पासून वर्षाला ५० लाख डॉलर देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान कीव्हला गेले तेव्हा तातडीच्या उपचारांचे चार 'भीष्म' संच दिले. ही सगळी चांगली कामं आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण बहुतेक मदत त्या त्या वेळी ठरते. कोणाशी आपले संबंध कसे आहेत, बातमी किती मोठी झाली आहे, त्यावर ती अवलंबून राहते. सुदानच्या बातम्या आपल्याकडे येत नाहीत, त्यामुळे तिथल्या माणसाची भूकही आपल्या चर्चेत येत नाही.

जागतिक अन्न कार्यक्रम, ज्याला २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं, तो पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालतो. कोणत्याही देशावर त्याची वर्गणी बंधनकारक नाही. त्यामुळे एखादा मोठा देणगीदार मागे हटला की ताटं लगेच रिकामी होतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. सुदानमध्ये तरुण मुलांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली होती. आपल्याकडच्या भंडाऱ्यासारखं एकच मोठं पातेलं आणि समोर सगळा मोहल्ला, फक्त तिथे ते रोज आणि पर्याय नसल्यामुळे. त्यातली एक हजाराहून जास्त स्वयंपाकघरं काही आठवड्यांत बंद पडली. पैसा नव्हता, बाकी काही कारण नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच: आपल्या सरकारने युद्धग्रस्त नागरिकांच्या मदतीसाठी अर्थसंकल्पात कायमचं शीर्ष करावं, रक्कम वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावी, आणि वाटप गरज बघून करावं. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ती ठरलेली असावी.

विरोधातली मतंही मोकळेपणाने मांडा.

---

केळीबाग_रावेर

तापीभाऊ, मुद्दा समजला, पण पटला नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत होईल. वादळात बाग झोपली की आमच्याकडे पंचनामा व्हायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. विम्याचे पैसे पुढच्या हंगामात मिळाले तरी नशीब म्हणायचं. नंदुरबारला कुपोषणाने मुलं दगावतात आणि आपण सुदानचा विचार करायचा? आधी अक्कलकुवा, धडगाव बघा. सुदान नंतर.

---

पांझरा_धुळे

रावेरकरांशी १०० टक्के सहमत. करदात्याचा पैसा आधी करदात्याला.

---

सातपुडा_सेविका (धडगाव)

धडगावचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी याच भागात मुलांच्या आरोग्याचं काम करते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आमच्याकडे एक मोजपट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की मूल अति तीव्र कुपोषित. पट्टीवर तिथे लाल रंग असतो. सुदानमधल्या दारफुरच्या छावणीत हीच पट्टी आणि हाच लाल रंग वापरतात, गाझातही तोच. त्यामुळे मला तिथल्या मुलाचा फोटो बघून वेगळं काही समजावून घ्यावं लागत नाही. कातडी कशी लोंबते, मूल रडायचं कसं थांबतं, आई डोळे का चुकवते, हे मी पाड्यांवर बघितलेलं आहे.

आता भाऊंच्या प्रश्नाचं. धडगावचं मूल कुपोषित का राहतं? मुलीचं लग्न सोळा-सतराव्या वर्षी होतं, आईच अशक्त असते. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातं, सोबत मूलही जातं आणि अंगणवाडीच्या नोंदीतून निसटतं. पावसाळ्यात पाड्यावर गाडी पोचत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या गावांना आजही दवाखाना बोटीतून न्यावा लागतो. योजना कमी नाहीत. २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आहे, ग्राम बाल विकास केंद्रं आहेत, पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत. अडतं ते पोचण्यात, रिक्त पदांत, वेळेवर न येणाऱ्या निधीत.

यातली एकही गोष्ट अफगाणिस्तानला गहू गेल्यामुळे झालेली नाही. तो गहू नसता गेला तरी माझ्या पाड्याला रस्ता मिळाला नसता. आमच्या मुलांसाठी कोणी भांडत असेल तर मी त्याच्या पुढे उभी राहीन. पण बाहेरच्यांना मदत नको म्हणायची वेळ आली की तेवढ्यापुरतं धडगाव आठवायचं, याचा मला मनापासून त्रास होतो. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत धडगावचं नाव किती वेळा निघतं ते सांगा.

---

केळीबाग_रावेर

ताई, तुमचा राग योग्य आहे. आमच्या पोटात धडगावबद्दल आस्था नाही असं मात्र समजू नका.

पैशाचा मुद्दा बाजूला ठेवतो. शेतकरी म्हणून दुसरी शंका आहे. बाहेरून फुकट धान्य ओतलं की तिथल्या शेतकऱ्याचं काय होतं? आमच्याकडे मका निघायच्या वेळेला कोणी फुकट मका वाटला तर बाजार समितीत भाव उरेल का? युद्धातही कुठेतरी कोणीतरी पेरतच असतं.

---

ज्वारी_पारोळा

रावेरकर, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सुदानच्या बाबतीत तर जास्तच. आपल्या खान्देशच्या माणसाला सुदान परका वाटायचं कारण नाही. ज्वारीचं मूळ घर त्याच पट्ट्यातलं मानतात. आपण भाकरी थापतो, ते ज्वारीचं पीठ आंबवून पातळ पोळीसारखं किसरा करतात, नाहीतर घट्ट शिजवून असिदा. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मध्ये गेझिरा नावाचा प्रदेश आहे. १९२५ मध्ये इंग्रजांनी सेन्नार धरण बांधून तिथे कालव्याखाली लांब धाग्याचा कापूस सुरू केला, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी. कापूस, ज्वारी, कालव्याचं पाणी आणि भावासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं, हे सगळं आपल्याला माहीत असलेलं आहे.

१५ एप्रिल २०२३ ला तिथलं सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. त्या डिसेंबरात निमलष्करी दलाने वाद मदनी हे गेझिराचं मुख्य शहर घेतलं. ट्रॅक्टर, बियाणं, गोदामं लुटली गेली, शेतकरी पळाले. देशाचं कोठारच मोडलं. जानेवारी २०२५ मध्ये सैन्याने ते शहर परत घेतलं, पण शेती अशी एका दिवसात उभी राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून गेलीत. पाऊस पडला होता, नाईलला पाणीही होतं. उपासमार आली ती बंदुकीमुळे.

म्हणून जिथे बाजार थोडाफार चालू आहे तिथे रोख पैसे द्यावेत, किंवा शेजारच्या भागातून धान्य विकत घेऊन वाटावं. जागतिक अन्न कार्यक्रम हे दोन्ही करतो. जिथे बाजारच उरला नाही तिथे मात्र पोतं नेऊन टाकण्याला पर्याय नाही. आणि माझ्या मते बियाणं ही तितकीच मोठी मदत आहे. पेरणीची वेळ टळली की पुढचं अख्खं वर्ष गेलं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

---

भुसावळ_यार्ड (निवृत्त)

धान्याच्या वाहतुकीत आयुष्य गेलं, म्हणून थोडं हिशोबाचं.

२,५०० टन म्हणजे ढोबळमानाने एक मालगाडी. ५०,००० टन म्हणजे वीस मालगाड्या. मनमाडच्या अन्न महामंडळाच्या साठवण डेपोची ओळख ज्यांना आहे त्यांना कळेल, आपल्या देशाच्या साठ्यापुढे हे काहीच नाही. २०२१-२२ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला १,९७५ रुपये होता. ५०,००० टन म्हणजे पाच लाख क्विंटल. नुसत्या हमीभावाने गव्हाची किंमत शंभर कोटींच्या आत बसते. साठवण, पोती, हमाली, वाहतूक धरली की वाढते, पण तरी ती आपल्याला झेपणारी गोष्ट आहे.

खरी अडचण वाटेत आहे. अटारीहून गहू न्यायला पाकिस्तानची परवानगी लागली. आपले ट्रक नाहीत, अफगाण ट्रक येऊन भरून घेऊन गेले. घोषणा ऑक्टोबर २०२१ ची, पहिले ट्रक निघाले फेब्रुवारीत. म्हणजे काबूलचा सगळा हिवाळा गेला. त्याच्याही आधीची गोष्ट आहे. २००२ नंतर अफगाणिस्तानला दहा लाख टन गहू द्यायचं ठरलं होतं. जमिनीवरून वाट मिळाली नाही. मग त्या गव्हाची पौष्टिक बिस्किटं करून तिथल्या शाळकरी मुलांना वाटण्यात आली. मला ती कल्पना आजही फार आवडते. मार्च २०२३ मध्ये आणखी २०,००० टन जाहीर केले ते इराणच्या चाबहार बंदरातून.

तेव्हा तापीकाठ म्हणतात तसा ठरलेला निधी हवाच. निधी आधीपासून असेल तर वाट, बंदर, गोदाम, भाड्याचे ट्रक यांची बोलणी आधी करून ठेवता येतात. भूक लागल्यावर निविदा काढायची नसते.

---

पांझरा_धुळे

हे सगळं वाचलं. पण एका प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही. धान्य ट्रकमधून उतरलं की ते कोणाच्या हातात जातं? तिथे कायदा नाही. बंदूक ज्याची, पोतं त्याचं. आपल्या पैशावर त्यांच्या टोळ्या पोसायच्या का?

---

तापीकाठ (चोपडा)

पांझराभाऊ, ही भीती खरी आहे, ती झटकून टाकून चालणार नाही. इथिओपियात असं घडलेलं आहे. २०२३ मध्ये मदतीचं धान्य मोठ्या प्रमाणावर वळवलं जातंय हे उघड झालं. आधी तिग्राय प्रांतात आणि जूनमध्ये देशभर अमेरिकेने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने वाटप थांबवलं. त्या धान्यावर सुमारे दोन कोटी माणसं अवलंबून होती. चोरी करणारे उपाशी राहिले नाहीत. उपाशी राहिल्या त्या रांगेत उभ्या असलेल्या बायका आणि म्हातारी माणसं. काही महिन्यांनी लाभार्थ्यांची नव्याने नोंदणी आणि पडताळणी करून वाटप सुरू केलं.

मला यातून एवढं दिसतं की पाळत ठेवायला पैसा आणि माणसं आधीपासून लागतात. घाईघाईत पाठवलेलं विमानभर सामान धावपट्टीवर उतरल्यावर त्याचं पुढे काय झालं हे आपण विचारत नाही. दरवर्षीचा निधी असेल तर हिशोबही दरवर्षी मागता येईल. रेशनच्या दुकानात काळाबाजार होतो म्हणून आपण रेशन बंद करा म्हणत नाही, यादी सुधारा म्हणतो.

---

हिशोबवाला_शिरपूर

कर सल्लागार म्हणून एक बाजू मांडतो, जी इथे कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

बरेच लोक म्हणतात, सरकारने कशाला द्यायचं, ज्याला कळवळा आहे त्याने स्वतः द्यावं. ऐकायला ठीक आहे. पण समजा आपल्या तालुक्यातल्या एखाद्या धर्मादाय ट्रस्टने ठरवलं की सुदानच्या छावणीतल्या लोकांसाठी दोन लाख रुपये खर्च करू. प्राप्तिकराचा नियम आडवा येतो; १९६१ च्या कायद्यात तो कलम ११(१)(सी) मध्ये आहे. ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर वापरलं तर करसवलत मिळत नाही. भारताला ज्यात स्वारस्य आहे अशा आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मुभा दिली तरच मिळते. ती मिळवणं पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या ट्रस्टच्या आवाक्यातलं काम नाही.

या नियमाला कारण आहे. देशातल्या दानाचा पैसा देशात राहावा, गैरमार्गाने बाहेर जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण मग त्याचा दुसरा अर्थ असा होतो की सीमेपलीकडच्या माणसाला भारतीय म्हणून संघटितपणे मदत करायची तर मुख्य दरवाजा सरकारचाच उरतो. दरवाजा एकच ठेवला असेल तर तो उघडा ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. मला तापीकाठ यांच्या मागणीतला सगळ्यात भक्कम आधार हाच वाटतो.

---

यावलचे_आबा

पोरांनो, तुमची चर्चा वाचून बरं वाटलं. मला टाइप करायला वेळ लागतो, नातू मदत करतोय.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आपल्याकडे आली. त्या नोव्हेंबरच्या १५ तारखेपासून सरकारने पाच पैशांचं जादा तिकीट सुरू केलं. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ते लावावं लागे. १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत ते चाललं. त्या वेळी आपली परिस्थिती काय होती? १९७२ चा दुष्काळ डोक्यावर होता. विहिरी आटल्या होत्या, गुरं विकली गेली. आम्ही स्वतः खडी फोडायला गेलो. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती असं नंतर वाचलं. तशा दिवसांतही पत्रावर ते पाच पैसे लागायचे, आणि आमच्या आळीत कोणी त्याबद्दल कुरकुर केलेली मला आठवत नाही. जगाकडून मदत आली होती, पण त्या निर्वासितांच्या खर्चाचा मोठा भार आपल्याच देशाने उचलला.

मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. तरी ती खाऊन आमची पिढी जगली. दुसऱ्याच्या देशातून आलेलं धान्य म्हणजे काय, हे ज्याने खाल्लंय त्याला विचारा.

पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी आपण वर्षाला देतो म्हणता ते ५० लाख डॉलर म्हणजे माणशी किती होतात?

---

हिशोबवाला_शिरपूर

आबा, नमस्कार. ८४ रुपयांचा डॉलर धरला तर ४२ कोटी. १४० कोटींनी भागलं तर माणशी वर्षाला तीस पैसे.

---

यावलचे_आबा

तीस पैसे, आणि तेही वर्षातून एकदा. आम्ही दर पत्रामागे पाच देत होतो.

---

अमळनेर_अक्का

माझी भाची युक्रेनला डॉक्टरकी शिकत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा ती तळघरात होती. फोन लागला की बहीण रडायची, नाही लागला की आम्ही सगळे रडायचो. पुढे ती पोलंडच्या सीमेवर पोचली. 'ऑपरेशन गंगा'त आपल्या सरकारने २२,५०० च्या आसपास लोक परत आणले, त्याबद्दल आमचं घर कायम ऋणी राहील. पण विमानापर्यंत पोचायच्या आधी तिला गरम सूप, सुके मोजे आणि झोपायला जागा दिली ती तिथल्या लोकांनी आणि तिथल्या नगरपालिकेने उघडलेल्या शाळेने. तिचा पासपोर्ट कुठला आहे हे बघून कोणी सूप वाढलं नाही.

तेव्हापासून कोणी 'आपला काय संबंध' म्हणालं की मला बोलवत नाही. आपली मुलं जगभर आहेत. उद्या कुठल्या तळघरात कोणाचं लेकरू असेल, सांगता येतं का?

---

केळीबाग_रावेर

अक्का, भाची सुखरूप आली हे वाचून जीव भांड्यात पडला.

---

वकील_जळगाव

निधीवर बरंच बोलून झालं. एक गोष्ट राहिली आहे आणि ती पैशापेक्षा अवघड आहे: वाट.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम २३ सांगतं की औषधं, आणि पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया व बाळंतिणींसाठीचं आवश्यक अन्न आणि कपडे, शत्रूच्या नागरिकांसाठी असले तरी अडवू नयेत. कलम ५९ म्हणतं की व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना पुरेसं मिळत नसेल तर ताबा असलेल्या सत्तेने मदतीच्या योजनांना होकार द्यायचा. भारताने १९५० मध्ये हे करार स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. २४ मे २०१८ ला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४१७ एकमताने मंजूर केला. नागरिकांची उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरण्याचा त्यात निषेध आहे.

कागद इतका स्पष्ट असून २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचं जाहीर करावं लागलं. सीमेपलीकडे ट्रक उभे होते, धान्यही होतं. पांझराभाऊंची शंका कलम २३ मध्येही आहे बरं का. माल भलतीकडे वळेल अशी गंभीर कारणं असतील तर अडवण्याची मुभा तिथे ठेवली आहे, आणि प्रत्येक ताकदवान बाजू त्याच मुभेचा आधार घेते. म्हणून देखरेखीची व्यवस्था चोख असणं फार मोलाचं. ती असेल तर अडवणाऱ्याच्या हातातली सबब जाते.

विमानातून पोती टाकणं दिसायला मोठं असतं, पण एका विमानात मावतं ते थोड्या ट्रकांत मावतं, खर्च कितीतरी पट, आणि खालच्या गर्दीत दुबळा मागेच राहतो. त्यामुळे माझी दुरुस्ती अशी: नुसती रक्कम मागू नका. ज्या देशाशी आपली मैत्री आहे त्याला 'वाट उघडा' असं आपल्या सरकारने जाहीरपणे सांगावं, हेही मागा. इस्रायल, रशिया, इराण, आखाती देश, सगळ्यांशी आपलं बोलणं आहे. फार कमी देशांची अशी स्थिती आहे. तिचा उपयोग उपाशी माणसासाठी व्हायला हवा, आणि इथे मी कोणाचीही बाजू घेत नाही.

---

पांझरा_धुळे

वकीलसाहेब, देखरेखीचा मुद्दा पटला. माझं अजूनही मत आहे की रक्कम मर्यादित ठेवावी आणि दर वर्षी खर्चाचा तपशील मराठीत, सामान्य माणसाला कळेल असा बाहेर यावा. या दोन अटींवर माझा विरोध नाही.

---

सातपुडा_सेविका (धडगाव)

माझीही एक अट. पत्र जाणार असेल तर त्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या रिक्त पदांचं वाक्य यायला हवं. दोन मागण्या एकाच कागदावर दिसू द्या, म्हणजे एकीचं कारण सांगून दुसरी कोणाला मारता येणार नाही.

---

तापीकाठ (चोपडा)

ताई, अट मान्य. उलट तिच्यामुळे पत्राला वजन येईल.

सगळ्यांच्या सूचना घेऊन मसुदा असा केलाय. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार, या चारही खासदारांना एकच मजकूर जाईल:

"आम्ही खान्देशातले मतदार आपणास विनंती करतो की परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा आपण पुढील गोष्टी विचाराव्यात. युद्धग्रस्त प्रदेशातील नागरिकांच्या मदतीसाठी स्वतंत्र व कायमचे शीर्ष निर्माण करणार का? त्यातील रक्कम कोणत्या निकषावर वाटली जाईल, आणि ज्या संघर्षाच्या बातम्या येत नाहीत त्यातील नागरिकांचा विचार कसा होईल? माल शेवटच्या माणसापर्यंत पोचला की नाही याची पडताळणी कोण करील, आणि तिचा अहवाल दरवर्षी भारतीय भाषांत प्रसिद्ध होईल का? धान्याबरोबर बियाणे व रोख मदत यांचा समावेश होईल का? मदतीची वाट अडवणाऱ्या प्रत्येक पक्षाकडे, तो मित्र असो वा नसो, भारत जाहीरपणे मार्ग खुला करण्याची मागणी करील का? याच पत्रात आम्ही हेही नोंदवतो की धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील आरोग्य व अंगणवाडीची रिक्त पदे भरण्याची आमची मागणी तितकीच तातडीची आहे, आणि एका मागणीच्या नावाखाली दुसरी मागे ठेवलेली आम्हाला मान्य नाही."

परराष्ट्र व्यवहारांची संसदीय स्थायी समिती या मागण्या तपासते, तिलाही प्रत पाठवू. भाषेत काही खटकत असेल तर सांगा.

---

वकील_जळगाव

"भारत जाहीरपणे" च्या पुढे "१९६० च्या अधिनियमाला अनुसरून" घाला. बाकी उत्तम.

---

ज्वारी_पारोळा

बियाण्याचं वाक्य ठेवलंत, आभार. माझी सही घ्या.

---

सोनगीरना_पोऱ्या

बठ्ठा धागा वाचा. तापीदादा, हाई पत्र आहिरानीमा बी लिखा, मन्ही आजीले समजाले पायजे. ती बी सही करी.

---

केळीबाग_रावेर

रावेर आणि यावल तालुक्यातल्या सह्या मी गोळा करतो. मंगळवारी सावद्याला जाणारच आहे. वकीलसाहेबांची दुरुस्ती घालून छापील प्रत तयार ठेवा, आणि आबांच्या नातवाला सांगा, पहिली सही आबांची घेऊ.